आरशासारखा तळ

"हॅलो? … हो, दुकानच. … अरे, तू होय! बोला कारखानदार!"

संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या त्या चिंचोळ्या दुकानात, काचेच्या काउंटरमागील उंच स्टुलावर बसलेल्या ताईने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे तिचा धाकटा भाऊ होता. शहराच्या दुसऱ्या टोकास, एका भाड्याच्या गाळ्यात, तो स्वहस्ते तांब्याचे वॉटर ब्लॉक घडवीत असे. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याच्या माथ्यावर ही तांब्याची चपटी डबी बसते आणि तिच्या पोटातून खेळणारे पाणी त्याचा ताप वाहून नेते. भावाने घडवावे आणि बहिणीने विकावे, असा त्या दोघांचा शिरस्ता होता.

"मिळाला ना माझा निरोप? … हो, आणखी एक परत आलाय. … अरे, माझ्यावर काय ओरडतोस? मी नाही परत केला, गिऱ्हाइकाने केलाय. … समोरच उभ्या आहेत बाई. … नाही, चिडलेल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. समजुतीने बोलतायत, त्याचीच जास्त भीती वाटते."

काउंटरपलीकडील बाईंनी हे ऐकून मंद स्मित केले. अंध श्रोत्यांसाठी घरी बसून पुस्तके वाचावीत व ती ध्वनिमुद्रित करावीत, असा त्यांचा व्यवसाय होता. त्यांचा आवाज भरदार होता, परंतु या क्षणी त्यांनी तो जपून ठेवला होता.

"काय? … काय म्हणालास? … उद्यापासून? … अरे ऐक, ऐक ना… पंख्यांच्या कंपनीत नोकरी? तू? … जन्मभर पंख्यांना नावं ठेवलीस, गरम हवा इकडची तिकडे ढकलतात म्हणून, आणि आता तू पंखे करणार? … आज संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय. हं. … आणि गाळा? … मशीन विकणार?"

ताईच्या मुखावरील हास्य मावळले. आवाजातील मात्र तिने जाऊ दिले नाही. तांबे कोरण्याचे ते मशीन विकत घेण्यासाठी भावाने केलेला आटापिटा तिने डोळ्यांनी पाहिला होता.

"बरं. वीक. पण हा ब्लॉक का परत आला, ते तर आधी बघू दे. … बघू, आणि मग जा खुशाल वारा घालायला. … टोमणा नाही रे. मोठी बहीण आहे, मला एवढं चालतं. … गिऱ्हाइकांना नक्की काय हवं असतं, हे मला विचारतोस? अरे, दिवसभर तेच तर ऐकते मी! परवा एकाला निळा दिवा लागणाराच हवा होता. का, तर खोलीची भिंत निळी आहे. … थंड किती ठेवतो? ते नाही विचारलं त्याने. … दुसऱ्याला आतलं पाणी दिसायला हवं होतं. म्हटलं, मासे सोडायचेत का? … नाही, घेतला त्याने. … एका आजोबांना सगळ्यांत जड हवा होता. हातावर तोलून बघितला आणि म्हणाले, 'आहे काहीतरी.' … मग ते नवरा-बायको आले. त्याला वेग हवा होता, तिचं एवढंच म्हणणं की गळायला नको. … ब्लॉक रे, नवरा नाही!"

बाईंनी रुमाल ओठांवर धरला.

"आणि आरसा तर सगळ्यांनाच हवा. ब्लॉक उलटा करतात, तळात स्वतःचं तोंड बघतात, केस सारखे करतात, आणि मग बाकीचं विचारतात. … खरंच सांगते! … आता या बाईंना काय हवंय म्हणतोस? काहीच नकोय. … म्हणजे काहीच ऐकू यायला नको. … हो, शांतता. त्या वाचायला बसल्या की संगणकाचा पंखाही वाचायला लागतो. दुःखाचा प्रसंग आला की त्याला जास्तच जोर येतो म्हणतात. म्हणून तुझा ब्लॉक बसवून घेतला. … हो, मीच बसवून दिला. सुरुवातीला छान शांत होतं. मग तापत गेला, तापत गेला, आणि संगणक बंदच पडला. बाई म्हणतात, शांतता अगदी पूर्ण मिळाली."

तदनंतर पलीकडून प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली असावी, कारण ताईने स्टुलावरून उतरून, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली.

"विचार. … तळाचं प्लास्टिक काढलं होतं. … अरे, काढलं होतं! दुकान चालवते मी. … पंप फिरत होता. … पाण्याच्या नळ्या? दोन्ही गरम-गार बरोबर. … स्क्रू? समोरासमोरचे, थोडे थोडे करत, शेवटी चारही घट्ट. तू शिकवलंस तसंच. … पेस्ट लावली होती, वाटाण्याएवढी. … नाही, पुसली नाही अजून, तशीच आहे तळावर. … कशी पसरलीय? थांब, उजेडात नेते."

तिने ब्लॉक दाराशी नेऊन उन्हात तिरका धरला. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये लावावयाचा तो करडा लेप तळावर एखाद्या नकाशासारखा उमटला होता.

"कोपऱ्यांकडे पातळ आहे, तांबं दिसतंय. आणि मधोमध जाड. चांगली लोण्यासारखी. … उलटं? काय उलटं? … मधे पातळ हवी होती? … ओरडू नकोस, मला ऐकू येतंय, बाईंनाही ऐकू येतंय. … पुसते. … पुसला. … स्टीलची पट्टी? आहे. … तळावर उभी धरली. … डुलतेय का? नाही रे. … डुलायला हवी? … थोडीशी? … नाही, चिकटल्यासारखी बसलीय. खालून उजेडसुद्धा येत नाही. किती सरळ केलायस, मी तर म्हणते… काय? … तू असा केलाच नव्हतास?"

बाई आता काउंटरवर कोपरे टेकून ऐकू लागल्या होत्या.

"सावकाश सांग. … म्हणजे तू मधे मुद्दाम उंचवटा ठेवतोस? … केसापेक्षाही कमी. बरं. … हं. … कोपऱ्यांतले स्क्रू आवळले की कडा खाली ओढल्या जातात आणि मधला भाग उचलला जातो… म्हणून तिथे आधीच थोडं जास्त ठेवायचं… मग आवळल्यावर तो बरोबर प्रोसेसरवर टेकतो. … आणि अगदी सपाट असला, तर मधे फट राहते, आणि ताप नेमका तिथेच. … कळलं. … कळलं रे, मला एकदा सांगून कळतं, तूच दोनदा सांगतोस. … हो, पण मग हा सपाट केला कु…"

ताईचे वाक्य अर्ध्यावरच थांबले.

दुकानाच्या मागील लहानशा खोलीतून घासण्याचा संथ, एकसुरी ध्वनी येत होता. तो सकाळपासूनच येत होता. किंबहुना गेले काही आठवडे तो रोजच येत असे, त्यामुळे तिच्या कानांना त्याची जाणीवच उरली नव्हती. आत त्या दोघांचे वडील बसले होते. दारांच्या पितळी मुठी आणि नावांच्या पाट्या चमकविण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले होते. काम सुटल्यावर त्यांचे हात रिकामे झाले आणि ते दिवसेंदिवस कोमेजू लागले. तेव्हा ताईनेच त्यांना येथे आणून बसविले, घासताना खाली ठेवायला जाड, सपाट काच दिली, पॉलिश पेपर दिले आणि सांगितले, "बाबा, गिऱ्हाइकांना आरसा हवा असतो. तळ तेवढे चमकवा." तेव्हापासून दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक ब्लॉक त्यांच्या हातांखालून जात होता. परत येणारेही तेव्हापासूनच येऊ लागले होते.

"काही नाही. … अरे, काही नाही म्हटलं ना! … आवाज? कसला आवाज? … शेजारी कुणीतरी भांडी… बरं, ऐक. मीच घासला. … हो, मी. चमकावा म्हणून. … हसतोस काय? … मला चमचा घासता येत नाही हे मलाही माहीत आहे, पण तांब्याचं वेगळं असतं. … शपथ कशाला हवी? बहिणीच्या शब्दावर विश्वास नाही? … कोणत्या कागदाने म्हणजे? … कागद तो कागद. … खरखरीत. … नाही, गुळगुळीत…"

आतील ध्वनी थांबला. दारात वडील उभे राहिले. त्यांच्या एका हातात फडके होते, दुसऱ्यात नुकताच घासलेला ब्लॉक होता, आणि त्यांनी सारे ऐकले आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. ताईने मानेनेच नको-नको म्हटले. त्यांनी ब्लॉक काउंटरवर ठेवला, हात फडक्याला पुसला आणि तळवा पुढे केला. तो तळवा मागे जाईना.

"…थांब. बाबा बोलतायत."

वडिलांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो. … मीच. … मी घासले. तिचा काही संबंध नाही त्यात. … सगळेच. … अरे, बोट फिरवलं की मधे फुगीर लागायचे. मला वाटलं, मशीनवर तुझा हात हलतोय. … तुला कशाला सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं. म्हटलं, गिऱ्हाइकाकडे जायच्या आत गुपचूप सरळ करून टाकू. पोराचं चुकलेलं बापाने नाही झाकायचं, तर कुणी? … हो. … हो, ऐकलं मी आतून. मुद्दाम ठेवतोस."

त्यांचा अंगठा काउंटरच्या काचेवरून नकळत फिरत होता.

"एक विचारू का? … बोटाला तो उंचवटा सगळ्यांत एकसारखाच लागायचा. मला रोज कोडं पडायचं, की याचं चुकतं ते ठीक, पण दरवेळी इतकं सारखं कसं चुकतं? … म्हणजे मोजून करतोस. … प्रत्येक? … मला नसतं जमलं रे. … नाही, खरंच सांगतो. मी जन्मभर सपाटच करत आलो. कुठे उंच लागलं की मला चूकच दिसते. … हं? … काय झालं? रडतोस का? … बरं, सर्दी. सर्दी तर सर्दी. … ते पंख्यांचं तू ताईशी बोल. त्यातलं मला कळत नाही. तांब्यातलं कळतं थोडंफार."

फोन ताईच्या हाती देऊन ते वळले आणि उगाचच त्या ब्लॉकवर पुन्हा फडके फिरवू लागले.

"हं, बोल. … बाप रे, भारीच सर्दी झालीय! … नाही, नाही चिडवत. … घासलेले पुन्हा नाही का करता येणार? … तळ पातळ झाले, खरंय. मग नवेच कर. … बाईंना विचारते. बाई, उद्यापर्यंत थांबाल? … मान हलवतायत. पण उद्याच हवा हं. त्यांच्या कादंबरीतली बाई विहिरीच्या काठावर उभी राहिलीय, तिला फार वेळ तिथे ठेवता यायचं नाही. … आणि संध्याकाळी कंपनीला काय सांगणार? … मी नाही विचारत, बाबांच्या भुवया विचारतायत. … नुसतं 'नाही' सांगशील, की पंखे मला सोसत नाहीत म्हणशील? … नुसतं नाही. बरं. तेही चालेल."

तिने पाठ वळवून ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. बाईंनी ते पाहिले आणि सौजन्याने नजर निळ्या दिव्यांच्या कपाटाकडे वळविली.

"आणखी एक… बाबा विचारतायत, नव्या ब्लॉकची वरची बाजू चमकवली तर चालेल का? … झाकण रे. तळाला बोटसुद्धा लावणार नाहीत. गिऱ्हाइकांनी वरच तोंड बघावं म्हणतात. … चालेल? … बाबा, चालेल म्हणतो! … हो, त्यांना सांगते. … हॅलो? … ऐकतोयस ना? … हॅलो?"

पलीकडे काही तरी टेबलावर आदळल्याचा आवाज आला, मग एक घरघर सुरू झाली आणि हळूहळू चढत गेली. भाऊ फोन तसाच उघडा ठेवून कामाला लागला होता. वडिलांनी मान पुढे काढून कान दिला आणि मशीनची धार तांब्याला लागल्याचा आवाज येताच समाधानाने डोळे मिटले.

"अरे, फोन तरी ठेव, शहाण्या!"

पण तिने स्वतःही तो लगेच ठेवला नाही. हात लांब करून तिने तो बाईंच्या कानाशी धरला. एवढ्या कर्कश आवाजाने त्या दचकून मागे सरल्या.

"ऐका, बाई. तुमची शांतता मशीनवर चढली," ताई म्हणाली, आणि मगच तिने फोन ठेवला.