तिरक्या सतरंज्या

दुसऱ्यांची प्रार्थनेची जागा बळकावायची आणि वर ती आपलीच म्हणायची, लाज कशी वाटत नाही रे? कॅनडातल्या ग्वेल्फच्या मराठी मंडळात मी हेच तावातावाने बोलले, मुलांना कळावं म्हणून इंग्रजीत. विषय होता सायप्रसमधलं एक मध्ययुगीन चर्च. तुर्कांनी शहर जिंकलं आणि त्याची मशीद केली. पुतळे गेले, मनोरा चढला. चर्चचं तोंड पूर्वेला, मक्का दुसरीकडे, म्हणून नमाजाच्या सतरंज्या आजही तिरक्या अंथरतात.

टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष देसाईकाका उठले.

"छान बोललीस. आता आनंदाची बातमी. ज्याच्या बेसमेंटमध्ये आपण दरवर्षी गणपती बसवतो, ते हे चर्च विकायला निघालंय. आपण घेतोय. वर क्रॉस आहे ना, तिथे बाप्पा."

"काका, मी आत्ता काय बोलले?"

"अगं, त्यांनी हिसकावलं, आपण विकत घेतोय. पोहे खा आधी, गार होतायत."

किल्ल्या सांभाळायला चर्चची मार्गारेट आजी मागे बसली होती. तिचं लग्न याच चर्चमध्ये झालेलं. मी धावत तिची माफी मागायला गेले.

"तुझ्या त्या शहरात आणखी चर्चेस होती?" तिने विचारलं. "ज्यांची मशीद झाली नाही अशी?"

"होती. बऱ्याचशांच्या नुसत्या पडक्या भिंती उरल्यात."

आजीने किल्ल्या उचलल्या.

"मग काकांना सांग, आजच सही करा. उद्या हे पाडून फ्लॅट बांधणारा बिल्डर येतोय."