खालची ओळ

नाही नाही, बसा ताई, त्या स्टुलावर बसा, फाईल आत्ता बांधून देतो — बँक साडेपाचला बंद होते ना, अजून चारच वाजतायत. कर्जाचे कागद स्पायरलमध्येच लागतात त्यांना, टाचणी लावली की परत पाठवतात. कुणासाठी, मुलीसाठी? अकाउंटिंगची पदवी. बरं. — आणि हे कॉलेजचं माहितीपुस्तक कशाला मध्ये घातलंत, हे बँक मागत नाही. अच्छा, मागच्या पानावर तुम्ही हिशेब मांडलाय. बघू का? माझी शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे कळतात. कर्ज नऊ लाख. पगार पंचेचाळीस हजार — हा इथलाच ना, पान सहा, 'आमच्या पदवीधरांचा सरासरी पगार'. अर्धा बँकेत भरला तर चार वर्षांत पोरगी मोकळी. नीट मांडलाय. अक्षरही सुंदर आहे.

मला या पानाची किळस येते. तुमच्या अक्षराची नाही हो, पान सहाची. माझी नात याच कॉलेजात शिकली, हीच पदवी, कर्जही एवढंच, आणि जामीन कोण, तर मी — हे कापायचं मशीन बँकेला तारण लिहून दिलंय मी त्यापायी. पहिल्या वर्गात पास झाली. आज एका गोदामाच्या ऑफिसात दुसऱ्यांची बिलं तपासते, पगार एकोणीस हजार, त्यातले अकरा पहिल्या तारखेला बँक उचलते. चार वर्षं? अजून आठ राहिलीत, ताई. तिच्या वर्गातलं एक पोरगं पहिल्याच वर्षी कंटाळून लिफ्टदुरुस्ती शिकायला गेलं, ते तिच्या दुप्पट कमावतं आणि डोक्यावर कर्ज नाही. ती हसून सांगते हे. मला नाही हसू येत.

पुस्तक खोटं आहे का म्हणताय? तेच तर. खोटं नाही. — तुमच्या बोटांना सुईच्या खुणा दिसतायत, शिवणकाम करता ना? मग तुम्हाला पटकन कळेल. कापडाला आपण शिलाईपुरती जागा सोडतो, तशी कागदाला कापायची जागा असते, तीन बाजूंनी बोटाच्या नखाएवढी. पानं दुमडायची, पिना मारायच्या, मग पात्याखाली धरून कडा सरळ करायच्या. हे पुस्तक आठ वर्षं माझ्याच पात्याखालून जातंय. पहिल्या वर्षी छापणाऱ्यानं पान सहावरची शेवटची ओळ फार खाली घेतली होती, कापायच्या जागेत. बारीक ओळ, मुंग्यांसारखी. मी नेहमीच्या मापानं कापलं आणि ओळ गेली. पाचशे प्रती. तसाच कॉलेजात गेलो, म्हटलं, साहेब, चूक झाली, मजुरी देऊ नका. तिथला टायवाला साहेब — त्यानं पान उलटसुलट बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काका, उलट छान दिसतंय, दरवर्षी असंच कापत जा. मजुरी पुरी दिली. मी घरी येऊन सांगितलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. आणि त्याच गठ्ठ्यातली एक प्रत नातीला दिली. बारावीत होती ती. स्वतःच्या हातानं दिली मी.

ओळीत काय होतं ते वाचलं नव्हतं हो. कातरण कोण वाचतं, गोणीत भरतो आणि रद्दीवाल्याला देतो. गेल्या वर्षी एका रविवारी ती इथं झाडू मारत होती, तर मध्येच थांबली. केराच्या सुपलीतली एक पट्टी उचलली आणि वाचत उभी राहिली. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, काही नाही आजोबा, सरासरी बरोबर आहे त्यांची. आणि केर काढून टाकला सगळा, कोपऱ्यातलासुद्धा. एक शब्द बोलली नाही मला, आजतागायत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

थांबा, डब्यात आहे ती पट्टी. घ्या. प्रकाशात धरा. मोठ्यानं नका वाचू, पाठ आहे मला — 'ही सरासरी स्वतःहून पगार कळवणाऱ्या सदतीस जणांची आहे, एकूण पदवीधर चारशे बारा.' उरलेले पावणेचारशे काय सांगायला येणार? माझी नात आली असती सांगायला, एकोणीस हजार? — पोरीला शिकवू नका असं नाही म्हणत मी, ताई. मला कोण हो तो अधिकार. पण सही करायच्या आधी तिला जवळ बसवा, ही पट्टी वाचायला द्या आणि तो मागच्या पानावरचा हिशेब एकोणीस घालून पुन्हा मांडा. बँक उद्याही उघडते.

काय? — तो गठ्ठा? तो यंदाचा आहे. उद्या सकाळी न्यायला येतात. हो, पान सहा त्यातही आहे. हो, ओळ अजून तिथंच छापतात, नियम आहे म्हणे छापायचा. — मग कुणी कापायचं, ताई? मी नाही कापलं तर समोरच्या गल्लीतला कापेल. आणि या कामाची मजुरी येते ना, त्यातूनच नातीचे वर्षाला दोन हप्ते मी गुपचूप भरतो, तिला वाटतं बँकेनं सवलत दिली. आता असं बघू नका माझ्याकडे. वर्षभर हात धुताना मीही स्वतःकडे तसाच बघतो.

फाईल घ्या. भोकं पाडली नाहीत अजून, कागद तसेच सुटे आहेत तुमचे. पैसे नकोत. ती पट्टी ठेवा इथं — नको, असू द्या, घेऊन जा. पायरी जपून उतरा. जा आता, मला अजून दोनशे प्रती कापायच्या आहेत.