टाकीतले पाणी आणि सोमवारचा ताप

पोलीस चौकी, नोएडा. दि. १२ फेब्रुवारी १९९६, सोमवार. दुपारी ३.१०.

मी, प्रमोदिनी विलास खांबेटे, वय ४३, केंद्र सरकारी कार्यालयात लिपिक, राहणार सेक्टर २७, समक्ष विचारल्यावरून सांगते की, हिंदी मला येते. पण सही मराठी जबाबावरच करीन म्हटल्याने आमचे शेजारी शांताराम भागवत लिहून घेत आहेत.

माझे पती विलास सरकारी छापखाना सोडून वर्षापूर्वी येथील नव्या खाजगी छापखान्यात लागले. तेथे कागद कोरडा पडू नये म्हणून एक यंत्र दिवसभर हवेत पाण्याचे तुषार सोडते. सप्टेंबरपासून दर सोमवारी चार-साडेचारला त्यांना हुडहुडी भरते, छाती आवळते, ताप १०२ पर्यंत जातो. बुधवारी माणूस ठणठणीत. डॉक्टरांकडे जायला सवड शनिवारी. छातीचा फोटो पाहून ते म्हणाले, "बहनजी, फेफड़े एकदम साफ हैं."

छापखान्याच्या मॅनेजरने मला विचारले, "मैडम, संडे को क्या खिलाती हैं?" मी रविवारचे श्रीखंड बंद केले, मासे बंद केले.

जानेवारीत शुक्रवार ते सोमवार रजा घेऊन आम्ही पानिपतला काला अंबचे युद्धस्मारक पाहून आलो. रजेचा हट्ट माझा होता. त्या सोमवारी ताप आला नाही. ते मंगळवारी कामावर गेले आणि ताप मंगळवारी आला, नेहमीपेक्षा जास्त. म्हणजे दोष माझ्या स्वयंपाकाचा नव्हता. त्या दिवशी मी रडले.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी समजावले की, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात; ते मेले तरी त्यांचे विष तुषारांतून धडधाकट माणसाच्या फुप्फुसात जाते. रोज गेले की शरीर सरावते, सुट्टीत तो सराव मोडतो. लिहून द्या म्हटले, तर म्हणाल्या, "तपासणीत काही सापडतच नाही, काय लिहू?"

आज एक वाजता डबा द्यायच्या निमित्ताने मी छापखान्यात गेले व यंत्राच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले. आत बुळबुळीत थर होता. लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत ते पाणी भरून घेतले आणि यंत्राचे बटण बंद केले. यंत्र फोडल्याची मॅनेजरची तक्रार खोटी आहे. पती एवढेच म्हणाले, "यार प्रमोदिनी, चलो, घरी जा. नोकरी जाईल माझी."

बाटली पुरावा म्हणून मी येथे टेबलावर ठेवली होती. मी बोलत असताना शिपायाने ती घासून, पिण्याचे पाणी भरून माझ्यापुढे ठेवली. त्याने चांगल्या मनाने केले. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

यंत्र पुन्हा सुरू केल्याचे मॅनेजरने आताच फोनवर कळवले. पती सहाला सुटतात.

हे सर्व शांताराम यांनी मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त शेवटी वेळ घालायला सांगितली, ती अशी: चार वाजून वीस मिनिटे.

सही/-
प्रमोदिनी वि. खांबेटे