खांद्यावरचा हात

— नाही, बसू नका, उभ्याच राहा आणि हात जरा लांब करा, माप घेतेय मी तुमचं. म्हणजे घेतेय असं दाखवतेय — समोरच्या दुकानातून इथलं सगळं दिसतं, आणि एक वकीलबाई माझ्याकडे नुसत्याच बोलत बसल्यात म्हटलं की संपलं. काय म्हणालात, कोठडीत छळलेल्यांच्या चौकशी आयोगापुढे नाव गुप्त ठेवतात? अहो, तुमची गाडी कोपऱ्यावर उभी, दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत आयोगाचं नाव — आणि म्हणे गुप्त. हसू नका. हात लांबच ठेवा.

भरपाई देताय, द्या, मी काय साधू आहे का नको म्हणायला? पण आधी साक्ष, आणि साक्षीत तुम्ही विचारणार, ओळखता का कुणाला. कशी ओळखणार? डोक्यावर पोतं होतं. कारखान्यात आम्ही शिलाईवाल्या बायकांनी काम बंद ठेवलं, ते कशासाठी, तर बसून जेवायला जागा द्या म्हणून — एवढ्यासाठी, बाई. पोलिसांनी मला आणि जावेला एकाच गाडीतून नेलं. तिथं तळघरात न्यायचे तेव्हा पुढे तो शिपाई, त्याच्या खांद्यावर माझा हात, माझ्या खांद्यावर जावेचा, असं आंधळ्यांसारखं जिना उतरायचं. तो बोलायचा नाही कधी. पायरी आली की माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटायचा. आणि एक दिवस माझ्या खांद्यावर हातच नव्हता. मी विचारलं, माझी जाऊ कुठाय. त्यानं मनगटावर दोनदा बोट आपटलं, बस्स.

तर — मान वळवू नका, सांगते ना — समोर ते खिळे-कुलपांचं दुकान आहे, त्याचा मालक. गेल्या महिन्यात शर्ट शिवायला आला. गोड माणूस, वहिनी वहिनी करतो. मी टेप लावायला खांद्यावर हात ठेवला, आणि गळ्याजवळचं ते हाड, मोडून वेडंवाकडं जुळलेलं, जिना उतरताना हाताखाली यायची तीच गाठ — माझा हात तिथेच थिजला. डोळ्यांना काय कळतं, हाताला कळलं. काढून घ्यावा की नाही तो हात? निघेचना. तेव्हा त्यानं काय केलं असेल? माझ्या मनगटावर बोट आपटलं. दोनदा. आणि म्हणाला, सैल शिवा हं वहिनी.

हे मी घरात बोलले नाही, तुम्हाला कशाला सांगितलं देव जाणे. जावेची मुलगी माझ्यापाशीच वाढली, त्याच्याच दुकानापुढून कामाला जाते. परवापासून तिला हाक मारून विचारतो, काकू बऱ्या आहेत ना. आता सांगा, येऊ साक्षीला? खांद्यावरून माणूस ओळखला म्हटलं तर तुमचे साहेब पोट धरून हसतील. हसू देत. त्यांना म्हणावं, दहा पुरुष उभे करा आणि घाला पुन्हा पोतं माझ्या डोक्यावर — हो, घाला, रात्री झोप येत नाही त्या पोत्याच्या वासानं, तरी घाला — त्या दहांतून काढून देते त्याला. मग भरपाईचं बघू. आधी विचारा त्याला, माझ्या जावेचा हात माझ्या खांद्यावरून कुठे सोडवला —

तो उठला. रस्ता ओलांडतोय. तुम्ही निघा. माझ्याकडे बघू नका, बाई, निघा.