तांबडीची शिकवण

हसू नका, पण मी एका कोंबडीला हळू खायला शिकवलं होतं. आमची तांबडी दाणे खाताना तळहात फोडायची. एकदा कारभारणीच्या हाताला रक्त आलं, तेव्हा ती चिडून म्हणाली, "आता पयला पावणा आला की हिचंच कालवण!"

मग मी रोज मुठीत बाजरी घेऊन अंगणात बसू लागलो. तांबडीनं जोरात टोच मारली की मूठ आवळायचो, चोच हळू टेकवली की उघडायचो. महिनाभरात ती शिकली.

आणि पिंपळवंडीहून कारभारणीचा थोरला भाऊ आला. धरायला गेलो तर बाकी कोंबड्या छपरावर पळाल्या. तांबडी मात्र माझ्यापाशीच आली.

"अवं, धरा की! हाताशी तर आलीय," कारभारीण म्हणाली.

माझा हात उचलेना. "तूच धर," मी म्हणालो.

तिनं हात पुढं केला. तांबडीनं त्या रिकाम्या तळहातावर अलगद चोच टेकवली आणि वाट बघत राहिली.

कारभारणीनं हात तसाच ठेवला. मग ओसरीकडं वळून म्हणाली, "दादा, आज एकादशी हाय बरं का."

"अगं, ती परवाच झाली की!"

"आमच्यात अजून चाललीय," ती म्हणाली आणि बाजरी आणायला आत गेली.