घोडीच्या दुधातलं इन्शुलिन

…आणि वर घरचे मलाच विचारतात, "आधी का नाही बोललीस गं?" अहो, तुम्हाला सांगते, बोलले होते! पण मी पडले चहा ओतणारी, माझं ऐकतो कोण?

सागिंदिक आगाय, म्हणजे सागिंदिक गुरुजी, आमच्या तालदीकोर्गन शहरातले निवृत्त प्राध्यापक. आले, मांडी ठोकून बसले आणि माझ्या आजोबांना, अतांना, म्हणाले, "एर्केबाय, ती सुई फेका! घोडीच्या दुधातलं एक प्रथिन इन्शुलिनशी जुळतं. अर्धी अक्षरं तीच, म्हणजे कामही तेच!" अता खूश! सुई बंद, दूध सुरू… आणि पायाचा अंगठा काळा पडायला लागला.

मी शाळेतल्या संगणकावर बसले. प्रथिन म्हणजे एक माळ, मण्यामण्याला एकेक अक्षर. दोन्ही माळा शेजारी लावल्या. अर्धी जुळतात, पण कधी? मध्ये हव्या तेवढ्या जागा मोकळ्या सोडल्या तर! मग मी दुधाची अक्षरं पत्त्यांसारखी पिसली, तरी तेवढीच जुळली. मेंढीच्या लोकरीचं प्रथिन तर जास्तच जुळलं!

पुढच्या वेळी आगाय जेवायला आले, तेव्हा हळूच म्हटलं, "अता, या हिशेबाने लोकरीचा गालिचा चघळलात तरी साखर उतरेल."

"बघा, शिंगरू लाथा झाडायला लागलं!" आगाय हसले. सगळे हसले. चहा ओतणारीचं ऐकतो कोण?

आता, आमच्याकडे पाहुण्याला चहाचा पियाला अर्धाच भरून द्यायचा. काठोकाठ भरला की अर्थ एकच, उठा! मी आगायांचा पियाला भरला. पार काठापर्यंत. एक थेंब सांडू दिला नाही.

आगाय टोपी शोधायला लागले. आणि अता? घरची अब्रू गेली ना! आगायांचा हात धरून सगळ्यांसमोर शपथच घेतली, "बसा आगाय! मरेन, पण सुई टोचून घेणार नाही!" म्हणजे मी… मीच ना…

अंगठा कापावा लागला. दवाखान्यात ते बेशुद्ध होते, तेव्हाच सुई सुरू झाली. आता घरी आजी टोचते, शक्तीचं औषध म्हणून सांगून. साखर उतरली. काल आगाय भेटायला आले, तर अता उशीला टेकून म्हणतात, "दुधाला गुण आहे हो, आगाय! फक्त जरा उशिरा येतो."