उडी मारली की ठेका जातो

…आणि पुन्हा मेले! तुम्हाला सांगते, या वयात एका दुपारी इतक्यांदा मरायचं म्हणजे काय चेष्टा आहे? भांडी आवरते, टीव्हीपुढं बसते, तो जुना व्हिडिओ गेम लावते, त्यातला बोटभर शिपाई पळत सुटतो, खड्डा येतो, मी बटण दाबणारच असते, तेवढ्यात गाणं असं काही रंगात येतं की माझं लक्ष तिकडं… आणि मी मेले!

नात म्हणते, "आजी, तू खेळतेस की ऐकतेस?" अगं बाई, ऐकायलाच तर खेळते ना!

त्याचं असं आहे, या गेमची गाणी आमच्या धाकट्या दिरांनी केलेली. सुट्टीच्या दिवशी नाचाच्या हॉलमध्ये रेकॉर्डी लावायचे, धुम धुम धुम धुम, लोकं घामाघूम होईस्तोवर नाचायची; आणि सोमवारी कंपनीत जाऊन तेच धुम धुम गेममध्ये कोंबायचे. कोंबायचे म्हणजे काय, त्या डबड्याला गळे तीनच! "वहिनी, एका वेळी तीनच आवाज निघतात हो, आणि मला अख्खा हॉल नाचवायचाय!" मग एक गळा धुम धुमला, दुसरा इतक्या भराभर सूर बदलायचा की चौघं गातायत असं वाटावं, आणि तिसऱ्यात… तिसऱ्यात मी!

हसू नका! तेव्हा मी शर्टाच्या कारखान्यात बटणं लावायच्या मशीनवर होते. भावोजी एकदा घराची किल्ली न्यायला आले ते मशीनपाशी उभेच राहिले. खट-खट-खटाक, खट-खट-खटाक, आणि यांचा पाय हलतोय! मुकादम खेकसला, "अहो पाहुणे, इथं काम चाललंय, नाच नाही!" पण हे ऐकतायत कुठले? "वहिनी, हा ठेका मी चोरला बरं का. शेवटच्या पातळीला टाकतो."

टाकला. आणि ऐकला कुणी? मामंजी ओरडायचे, "ती टिवटिव बंद करा आधी, डोकं उठलं!" मग पोरं आवाज बंद करून खेळायची. भावोजी कोपऱ्यात बसून बघायचे, ओठ नुसते हलायचे… मलाही वाटायचं, माणूस घरातलाच आहे, गाणं कुठं पळून जातंय? माणूसच गेला की हो. कंपनी तर आधीच बुडालेली. नातीनं सगळं इंटरनेट पालथं घातलं, असल्या गेमांच्या गाण्यांचे तिथं ढीग पडलेत, लोकं त्यावर नाचतात म्हणे. आमचं तेवढं नाही! म्हणजे ऐकायचं तर खेळत खेळत शेवटपर्यंत जायला हवं. आणि जायला निघाले… की मी मेले!

परवा पोचले एकदाची! नात शेजारी किंचाळतेय, "आजी, उडी! उडी!" मारली उडी. 'टुंय' झालं आणि खट-खट गायब! पुन्हा उडी, पुन्हा गायब! नात म्हणाली, "अगं, गळे तीनच ना? उडीच्या आवाजालाही त्यातलाच एक लागतो." आणि नेमका माझा? भावोजी, दुसरा नव्हता का द्यायचा? बरं, गेम थांबवून ऐकावं म्हटलं, तर गाणंही थांबतं! खेळावं तर ठेका जातो, ऐकावं तर जीव जातो. आता काय करावं माणसानं?

मी अंगठा काढून घेतला. शिपाई जागच्या जागी उभा, समोरून शेवटचा राक्षस येतोय, आणि खट-खट-खटाक, खट-खट-खटाक, खाली धुम धुम, वर ते भराभर सूर… अगदी माझंच मशीन हो! दोरा तुटला की ते मधेच अडखळायचं ना, तर तेवढं अडखळणंसुद्धा ठेवलं होतं त्यांनी…

आणि मी मेले.

नातीनं कपाळाला हात लावला. "आजी! एकच उडी राहिली होती गं! जिंकली असतीस!"

म्हटलं, "जिंकल्यावर हेच वाजत राहतं का गं?"

"छे, मग दुसरं लागतं. जिंकल्याचं."

"मग जिंकून काय करू? लाव बाई, पहिल्यापासून."